खळी पडलेलं चाक

चीजचं चाक बोलतं, असं टकटक्या म्हणायचा आणि लोक हसायचे. पण हसणाऱ्यांनाही शंका आली की ते त्यालाच हाक मारायचे. चीजच्या कारखान्यात त्याचं कामच ते होतं. थंड खोलीत फळ्यांवर मुरत ठेवलेल्या चाकांमधून छोटी हातोडी घेऊन हिंडायचं, एकेकावर हलकेच ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. चाक आतून भरीव असेल तर आवाज ठाम येतो, ओळखीच्या माणसानं दार वाजवावं तसा. आत हवा धरून भेग पडली असेल तर आवाज फाकतो, रिकाम्या डब्यासारखा होतो. या ठोकाठोकीपायी त्याला टकटक्या नाव पडलं आणि ते इतकं चिकटलं की खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर तो मागं वळून बघायचा, आणखी कुणी आलंय का म्हणून.

त्या दुपारी मात्र तो रजा घेऊन घरीच होता. स्वयंपाकघरामागच्या थंड कोठीत फरशीवर गुडघे टेकून बसला होता. पुढ्यात एकच चाक, लहानशा ताटाएवढं. त्यानं ठोकलं, ऐकलं. चाक उलटं केलं, पुन्हा ठोकलं. मग हातोडी बाजूला ठेवून बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, जणू हातोडीच खोटं बोलत असावी. बोटानंही तेच सांगितलं.

चाक पोकळ निघालं होतं. आणि संध्याकाळी त्याची बायको येणार होती.

दोघांची ओळख कारखान्यातलीच. ती मिठवणीच्या हौदावर कामाला होती. नवी चाकं खाऱ्या पाण्यात सोडायची, फिरवायची, वेळेवर काढायची, हे तिचं काम. पुढं चाकं मुरली की वाजवायची, हे त्याचं. ‘मी खारवते आणि हा नावं ठेवतो,’ असं ती सगळ्यांना सांगायची. एकाच ठिकाणी कामाला लागलेली माणसं, त्यामुळं लग्नानंतरही अहो-जाहो काही जमलं नाही. पण एक प्रथा मात्र दोघांनी मिळून पाडली होती. लग्नाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, कारखान्यात येणाऱ्या सकाळच्या दुधातून दोघांनी मिळून एक लहान चाक करायचं. ते घरच्या कोठीत वर्षभर मुरू द्यायचं आणि पुढच्या वाढदिवसाला कापायचं. पहिला काप घेताना सुरीच्या मुठीवर दोघांचे हात हवेत. त्या चाकाभोवती बाकीची चीजं, फळं, सुकामेवा मांडायचा, दोन दिवे लावायचे आणि दाराला आतून कडी घालायची. त्या संध्याकाळी कुणी दार वाजवलं तर उघडायचं नाही, कारण वाजवायचं काम फक्त घरधन्याचं, असा तिचा विनोद होता. दरवर्षी तोच विनोद, आणि दरवर्षी तो हसायचा.

गेल्या वर्षीच्या चाकाला दाबाखाली ठेवताना साच्यातल्या फडक्याची एक घडी तशीच राहून गेली. साच्यातून काढल्यावर कडेला अंगठा मावेल एवढा खळगा दिसला. तो म्हणाला, हे चाक बाद. ती म्हणाली, बाद कशानं, त्याला खळी पडलीय, हसरं निघेल. तिनं त्या खळीत अंगठा ठेवून पाहिला होता.

त्यानंतर जे झालं त्याला हसरं म्हणण्यासारखं काही नव्हतं.

पावसाळा सरता सरता तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी प्रवास नको, दगदग नको म्हणून बजावलं. त्याच दिवसांत तिच्या दादाचा फोन येऊ लागला. आई अंथरुणाला खिळलीय, सारखी हिचं नाव घेते, जमेल तशी पाठव. टकटक्या फोन घेऊन अंगणात जायचा. पाठवतो म्हणायचा. आत आला की बायको विचारायची, दादा काय म्हणत होता. तो म्हणायचा, काही नाही, तुझीच चौकशी. जरा टाके वाळू देत, मग सांगू, असं त्यानं मनाशी धरलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याच्या वडिलांचं पालुपद, आणि त्यानं ते लहानपणापासून दुधाबरोबर प्यायलेलं. घरातलं वाईट काही असेल तर तो आधी झाकायचा आणि मग त्यावर हसायचा. मूठ झाकलेली राहिली आणि तिकडं म्हातारी गेली. बायको पोचली तेव्हा आईचं अंथरूण गुंडाळून भिंतीशी उभं केलेलं होतं. आई रोज दाराकडं बघून ‘आली का’ विचारायची, हे तिला तिथंच कळलं.

ती रडली ती तिकडं. त्याच्यासमोर तिनं आवाजही चढवला नाही. कपडे घेतले आणि धाकट्या बहिणीकडं राहायला गेली. कारखान्यातही येईना, रजा वाढवत राहिली. अधूनमधून फोन व्हायचा, पण गॅसवाल्याशी बोलावं तसा, कामापुरता. वाढदिवस जवळ आला तेव्हा त्यानं भीतभीत विचारलं, चाकाचं काय करायचं. मग ती म्हणाली, दोघांनी केलंय तर दोघांनी कापू. येते. खाऊ, आणि मग बघू. बहीण गाडीनं सोडेल आणि जवळच मैत्रिणीकडं थांबेल. तिला एक तर ‘ये’ म्हणून फोन करीन, नाही तर ‘येऊ नकोस’ म्हणून.

त्या एका फोनवर टकटक्याचा संसार टांगलेला होता, आणि कोठीत चाक पोकळ होऊन बसलं होतं.

गंमत म्हणजे, ती गेल्यापासून त्यानं ते एकदाही वाजवलं नव्हतं. दिवसभर परक्यांची चाकं ठोकायचा आणि घरी आला की कोठीवरून मान खाली घालून जायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आता वाजवलं होतं आणि ऐकलंही होतं. ऐकलेलं काही न ऐकलेलं करता येत नाही.

तो उठला, हात धुतले आणि कारखान्याच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या काकूंना त्यानं बाकीची खरेदी सांगितली. पांढऱ्या सालीचं मऊ चीज, शेळीच्या दुधाचं ताजं, आणि निळ्या बुरशीचं एक. निळं बायकोच्या आवडीचं. त्याला स्वतःला त्याचा वास पावसात भिजलेल्या मोज्यासारखा यायचा, पण ते ताटात नसलं तर ती ताटाला ताट म्हणत नसे. अक्रोड घेतले, अंजिरं घेतली, काळी द्राक्षं घेतली. मग फळीवरच्या एका लहान चाकाकडं बोट दाखवून म्हणाला, तेही द्या.

काकूंचा हात थबकला. दर वाढदिवसाला हा माणूस घरचं चाक कापतो, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं.

“तुझ्या कोठीतलं कुठं गेलं रे?”

“आहे की. हे आपलं जोडीला.”

“जोडीला,” काकू म्हणाल्या. त्यांनी चाक कागदात गुंडाळलं, दोरी बांधली, आणि गाठ मारता मारता त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, “तिला माझा नमस्कार सांग. आणि लेका, तोंड जरा धुऊन जा. दूध नासल्यासारखं दिसतंय.”

घरी येऊन त्यानं कागद सोडला. दोन्ही चाकं शेजारी ठेवली. उंची तीच, घेर तोच, सालीचा रंग थोडा फिका. कारखान्याचा शिक्का त्यानं सुरीच्या पाठीनं खरवडून काढला. तिथं तेलाचं बोट फिरवलं, मग सगळ्या चाकावरूनच तेलाचं फडकं फिरवलं, तेव्हा रंगही जुळला. वाजवून पाहिलं. ठणठणीत.

राहिली खळी. लाकडी चमचा घेऊन त्याच्या दांड्याचं गोल टोक त्यानं सालीवर दाबलं. साल टणक, दबेना. मग टोक गरम पाण्यात बुडवून पुन्हा दाबलं, फिरवलं, पुन्हा बुडवलं. मधूनमधून मूळ चाकातल्या खळीत अंगठा घालून खोली बघायची आणि इकडं तेवढीच करायची. कडा फार तीक्ष्ण आल्या म्हणून त्या बोटानं चोळून गुळगुळीत केल्या. हे करताना त्याची जीभ दातांत आली होती, मन लावून काम करताना यायची तशी. खळी हुबेहूब पडली. एक क्षण त्याला त्या हुबेहूबपणाचं समाधानही वाटलं. त्यानं पोकळ चाक उचललं, कोठीत नेलं आणि त्यावर फडकं टाकलं.

मग तो ताटाला लागला. लाकडी पाट घासून पुसला. मधोमध चाक, खळी तिच्या बाजूला येईल असं. उजव्या हाताला ताजं शेळीचं, मग मऊ, आणि सगळ्यात शेवटी निळं. सौम्यापासून उग्राकडं जायचं, नाही तर उग्र चव बाकीच्यांना गिळून टाकते. मऊ चीज थंड खाल्लं तर त्याला चवच नसते, म्हणून ते आधीच बाहेर काढून ठेवलं. अंजिरं चिरली, द्राक्षांचे लहान लहान झुपके केले, अक्रोड कोरडेच भाजले. पावाचे पातळ काप कुरकुरीत केले. दोन दिवे, दोन बशा, एक सुरी. ताट देखणं झालं होतं. बघवत नव्हतं, इतकं देखणं.

संध्याकाळ पडली तशी दारात गाडी थांबली. मेहुणी उतरली नाही, काच खाली करून म्हणाली, “भाऊजी, मी पलीकडच्या गल्लीत आहे. दारं नीट लावून घ्या, आणि तोंडं नीट उघडा.” ही धाकटी मेहुणी बोलायला पहिल्यापासून फटकळ. बायकोनं तिला डोळ्यांनीच दटावलं आणि गाडी गेली.

बायको वाळली होती. केस मागं घट्ट बांधलेले. घरात येताना तिनं चपला नेहमीच्या कोपऱ्यात काढल्या, मग काही आठवल्यासारखं करून त्या उचलून पाहुण्यासारख्या दाराजवळ ठेवल्या. टकटक्यानं ते पाहिलं. त्यानं पाणी दिलं. तब्येतीचं विचारलं. टाक्यांचा त्रास आता नाही म्हणाली. काकूंचा नमस्कार सांगितला तेव्हा तिनं मान हलवली. घरातल्या कुठल्या कुठल्या वस्तू जागच्या जागी आहेत हे ती नजरेनं बघत होती.

टेबलापाशी आल्यावर ती थांबली. दिव्यांच्या उजेडात ताट खरोखर शोभत होतं. तिचे खांदे जरा सैल झाले. ती बसली. निळं चीज बघून म्हणाली, मोजे आणलेस वाटतं. तो हसला. त्याला वाटलं, जमतंय. पुढची संध्याकाळ अशीच हळूहळू सोपी होत जाईल आणि शेवटी तो फोन होईल, येऊ नकोस म्हणून.

तिनं चाक स्वतःकडं ओढलं. कडेवरून बोट फिरवलं, चाक थोडं वळवलं, आणि अंगठा बरोबर खळीत जाऊन बसला.

“अजून आहे की,” ती म्हणाली.

आणि ती हसली. थोडंसंच, एका बाजूनं. पण आई गेल्यापासून या घरात ती पहिल्यांदा हसत होती. तसाच अंगठा ठेवून तिनं दुसऱ्या हातानं सुरी उचलली आणि मूठ त्याच्याकडं वळवली, धर म्हणून.

त्यानं हात पुढं केला. मुठीपर्यंत नेला. तिथून पुढं तो जाईना.

“थांब,” तो म्हणाला. “हे आपलं नाही.”

“काय आपलं नाही?”

“हे चाक. आपलं पोकळ निघालं. हे मी दुकानातून आणलं.”

ती आपल्या अंगठ्याकडं बघू लागली.

“आणि खळी?”

“मी पाडली. चमच्याच्या दांड्यानं.”

तापल्या तव्याला हात लागावा तसा तिनं अंगठा काढून घेतला. सुरी खाली ठेवली. तो काही बोलणार होता, पण जे सुचत होतं ते सगळं झाकणासारखं होतं.

“कधी कळलं तुला?”

“दुपारी.”

“मी हसले नसते तर सांगितलं असतंस?”

हो म्हणणं अगदी सोपं होतं. हो तोंडात तयारच होतं. त्यानं ते गिळलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “बहुतेक नाही.”

ती खुर्चीत मागं टेकली. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. बराच वेळ ती त्या चमच्याच्या खळीकडं बघत राहिली. मग बोलली ते अगदी हळू, एखादा हिशेब स्वतःशीच लावावा तसं.

“दादाचा फोन आला की तू अंगणात जायचास. आत यायचास तेव्हा तोंडावर हसू असायचं. ते पण असंच बाहेर उभं राहून पाडून घेत होतास?”

“हो.”

“मला बरं वाटायचं रे ते बघून. मी म्हणायचे, याचं तोंड हसरं आहे, म्हणजे तिकडं सगळं ठीक असणार.”

टकटक्या मान खाली घालून बसला. एक दिवा फडफडला, तिनं सवयीनं वात सारखी केली.

“आपलं कुठं आहे?” तिनं विचारलं.

“कोठीत. फडक्याखाली.”

“आण.”

त्यानं आणलं. तिनं पाट मोकळा केला, दुकानातलं चाक उचलून ओट्यावर ठेवलं आणि त्याच्या जागी हे घेतलं. खळी बघितली, पण तिला हात लावला नाही. टेबलाच्या कडेला त्याची हातोडी होती, ती घेऊन तिनं स्वतःच एकदा ठोकलं. कारखान्यात इतकी वर्षं काढून वाजवायला ती कधी शिकली नव्हती, पण हा आवाज आंधळ्यालाही कळला असता. तिनं सुरी उचलली, चाकावर धरली, आणि वाट बघत थांबली. त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं तिच्या हाताजवळ हात ठेवला.

एरवी असं चाक कापायला दोघांचा जोर लागतो. हे वरून थोडं अडलं आणि मग सुरी एकदम आत गेली, पोकळीत. दोन भाग झाले आणि वास सुटला, आंबट, कडवट, तान्ह्या बाळानं दूध ओकल्यासारखा. मधोमध हात जाईल एवढी फट होती, आणि तिच्या दोन्ही कडांना बारीक बारीक भेगा फुटल्या होत्या. दोघंही नाक न झाकता बघत राहिले.

“कशानं झालं?”

“दुधातच जंतू असतात कधी कधी. ओल्या चाऱ्यातून येतात. सुरुवातीला काहीच कळत नाही, महिनोन्महिने चाक चांगलंच वाजतं.”

“मीठ कमी पडलं का माझ्याकडून?”

“नाही. आणि पडलं असतं तर...” तो थांबला. पडलं असतं तर आपण सांगितलं नसतं, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. “तपासून सांगतो. जे असेल ते सांगतो.”

तिनं सालीजवळचा एक तुकडा काढला, वास घेतला, जिभेवर ठेवला आणि लगेच हातात थुंकला. दुसऱ्या बाजूनं काढून पाहिला. तोही थुंकला. त्याला वेडी आशा होती की एखादा कोपरा तरी खाण्यासारखा निघेल. तिनं मान हलवली. यातलं काहीच वाचत नाही, म्हणाली.

मग तिनं हात धुतले, परत येऊन बसली आणि बशी पुढं ओढली. भूक लागलीय म्हणाली. सगळ्यात आधी तिनं निळंच घेतलं, अंजिराबरोबर. क्रम चुकला, आता बाकीची चव लागणार नाही, हे टकटक्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्यानं तोंड आवरलं आणि स्वतःही निळंच घेतलं. वास नेहमीचाच होता. दोघं समोरासमोर बसून जेवावं तसं पोटभर खात होते. मध्ये ते फुटकं चाक तसंच पडलं होतं. दुकानातल्या चाकाला मात्र दोघांपैकी कुणीच हात लावला नाही.

खाऊन झाल्यावर तिनं फोन काढला. टकटक्यानं टेबलाची कड धरली.

“ये,” ती बहिणीला म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानं मान हलवली. एकदा हलवली, आणि मग हलवतच राहिला.

“सकाळचं दूध अजून त्याच वेळेला येतं का?” तिनं विचारलं.

“हो.”

“मी उद्या कारखान्यात येते. या वर्षीचं चाक करायचं राहिलंय.” मग त्याच्या तोंडावर काय उमटलं ते बघून तिनं लगेच पुढं जोडलं, “करायला येईन. राहायला नाही. राहायचं मला अजून काही कळत नाही.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिनं पर्स उचलली. टेबलावरची हातोडी हातात घेऊन जरा वेळ तोलून पाहिली आणि ती पर्समध्ये टाकली.

“ती मला कामाला लागते,” तो म्हणाला.

“कारखान्यात आणखी आहेत. ही घरची.” तिनं चेन ओढली. “आता वर्षभर मी वाजवीन. शिकव मला. तुला काय ऐकू आलंय ते मला बाहेरून कळत नाही.”

ती दारापाशी गेली. चपला घातल्या. त्यानं दार उघडून धरलं. अंगणातून जाताना ती एकदा मध्येच थांबली, तो फोनवर बोलायला उभा राहायचा बरोबर त्या जागी. मागं न बघता पुन्हा चालू लागली. मेहुणीनं गाडीतून त्याच्याकडं पाहिलं आणि आज काहीच टोमणा मारला नाही. ते त्याला जास्त लागलं.

गाडी गेल्यावर त्यानं फुटकं चाक जुन्या कागदात गुंडाळून घराबाहेर नेऊन ठेवलं. असलं चाक कोठीत राहू द्यायचं नसतं, शेजारच्या चाकालाही लागतं. दिवे विझवले. ताट मात्र त्याला आवरवेना. मग बादलीत मीठ घालून गरम पाणी घेतलं, बाह्या वर केल्या आणि कोठीतली फळी घासायला घेतली, जिथं ते चाक वर्षभर बसलं होतं तीच. वरून घासली, खालून घासली, फटींमध्ये ब्रश घातला. फळी आतून किडलीय की काय म्हणून वाजवून बघावं असं वाटलं, तेव्हा त्याचा ओला हात हातोडीसाठी आपोआप खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. तो तसाच थोडा वेळ बसून राहिला, आणि मग पुन्हा घासू लागला.